प्रयागबाई आणि सिमल्याचे कंद

प्रयागबाई आखाडेने ते बारा कंद हळदीसारखे लावले. चार बोटं खोल खड्डा, तळाला शेणखत, वर मातीची भर आणि त्यावर पाल्याचं पांघरूण. तिच्या सासरी वाडीवर हळद, आलं, कणगर सगळं असंच लावतात, आणि ते कंद दिसायलाही आल्याच्या मोठ्या गाठीसारखेच होते. तिला दोष देता येत नाही. मी समोर उभी होते, लागवडीची इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात होती, आणि मीसुद्धा ती नीट न वाचताच "छान" म्हटलं.

ही गोष्ट १९९९ च्या फेब्रुवारीतली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे यजमान सुधीर एका कारखान्याच्या प्रशासन विभागात होते आणि बिरवाडीच्या बाजूला, कंपनीच्या गेस्ट हाऊसच्या कुंपणाला लागून आमचं क्वार्टर होतं. मालकांच्या आई दर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वर्धापनदिनाच्या पूजेला मुंबईहून यायच्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या वर्षी त्यांनी सिमल्याहून मागवलेले आयरिसचे कंद बरोबर आणले. उंच जातीचा, दाढीवाला आयरिस. खोक्यावर ‘सिमला ट्वायलाइट’ असं नाव आणि फुलाचं रंगीत चित्र. तीन पाकळ्या वर उभ्या, फिकट जांभळ्या. तीन खाली लोंबणाऱ्या, वांग्याच्या सालीसारख्या गडद. आणि खालच्या प्रत्येक पाकळीच्या मध्यावर पिवळ्या केसांची बारीक पट्टी, तीच त्याची दाढी.

प्रयागबाईने चित्र बराच वेळ पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"वयनी, एवढं नाजूक फूल आणि त्याला दाढी कशाला हो?"

तेव्हापासून तिच्या तोंडी त्याचं नाव दाढीवाला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आमच्या लग्नानंतर आम्ही सिमल्याला राहिलो होतो ना, त्या बंगल्याच्या पायरीशी हे होतं. इथे येईल का?" सुधीर पटकन म्हणाला, "येईल की. आमच्या मिसेस बॉटनीच्या पदवीधर आहेत." मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी हसले. त्या हसण्याचं ओझं पुढे दोन वर्षं प्रयागबाईने वाहिलं.

प्रयागबाई तेव्हा पस्तिशीची असेल. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारी. म्हशी राखलेल्या माणसाची नजर असते तशी. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटात एका वळणावर एसटीतून उतरायचं आणि दीड तास चढायचं, की तिचं सासर. आठ-दहा घरं, म्हशी, नाचणी, वरी. तिचा नवरा दत्ताराम तिथून उतरून गेस्ट हाऊसचा माळी झाला आणि शहाण्णव साली काविळीने गेला. कंपनीने त्याच्या जागी हिला ठेवलं. कायम नाही, कंत्राटदाराकडून. पण बागेच्या मागची दहा बाय दहाची खोली राहायला दिली. वर पत्रा, आत एक बल्ब, बाहेर नळ.

त्या खोलीचं महत्त्व सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं होतं. प्रयागबाईची एकुलती एक मुलगी ललिता आमच्या मानसीच्या वर्गात होती. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत. पुढे मुली म्हशींमागे जातात आणि तिथून दुसऱ्या वाडीवर, लग्न होऊन. खोली होती म्हणून ललिता बिरवाडीच्या शाळेत होती. खोली गेली तर बिरवाडीत दुसरी मिळणं कठीण. कामगारांना खोल्या देणारे घरमालक एकट्या बाईला, त्यातून वयात आलेल्या मुलीसकट, दारातूनच परत पाठवायचे. "तुमचे मिस्टर कुठे असतात?" हा पहिला प्रश्न. म्हणजे खोली गेली की वाडी, आणि वाडी म्हणजे शाळा संपली.

दोन्ही मुली दुपारी माझ्याकडे अभ्यासाला बसायच्या. वारा कारखान्याकडून आला की मी खिडक्या लावून घ्यायचे. मानसीला दम्यासारखं व्हायचं. मला सारखं वाटायचं की आपण इथून हललं पाहिजे. सुधीर म्हणायचा, जाऊन खायचं काय. खिडक्या लावलेल्या त्या खोलीत ललिता भूमिती सोडवत बसलेली असायची. मानसीपेक्षा तिची वही स्वच्छ. मला त्याचं कौतुक होतं आणि, खोटं कशाला बोलू, थोडी असूयाही होती.

त्या वर्षीच्या पावसात कंद सडले. श्रावणातच पानं बुंध्याशी पिवळी पडून आडवी झाली. प्रयागबाईने माती उकरली तर घाणेरडा, कुजक्या माशासारखा वास. बोट लावलं की कंदाची लापशी. तेव्हा कुठे मी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. खोल पुरायचंच नव्हतं. मातीचा उंचवटा करून त्याच्या शेंड्यावर कंद बसवायचा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडायची, आणि कंदाची पाठ उघडी ठेवायची, तिला ऊन लागलं पाहिजे. शेणखत नको. पाला तर मुळीच नको. दिवसातले सहा तास तरी थेट ऊन हवं.

"म्हंजी म्हशीसारखं," प्रयागबाई म्हणाली. "अंग पाण्यात, पाठ उन्हात. आधी नाय का सांगायचं!"

आम्ही सडलेला भाग सुरीने कापला, निरोगी दिसेपर्यंत. कापलेल्या जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतल्या, दोन दिवस कंद उन्हात सुकवले, राख चोळली. बारांतले पाच वाचले. पाचांना पानं चांगली आली, तलवारीसारखी, निळसर हिरवी. पण पुढच्या फेब्रुवारीत मोठ्या बाई आल्या तेव्हा नुसती पानंच होती. त्या बराच वेळ वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. "पानं छान आहेत हो," म्हणाल्या. मॅनेजर साहेबांचा चेहरा पाहून सुधीर त्या दिवशी जेवला नाही.

मग एप्रिलमध्ये प्रयागबाईने राब भाजला.

भाताचं रोप टाकायच्या जागेवर पावसाआधी पाला, गवत, शेण पसरून ते जाळतात. त्याला राब म्हणतात. जमिनीतली कीड, तणाचं बी, सगळं मरतं. आमच्या भागात चैत्र-वैशाखात डोंगराच्या अंगाला सगळीकडे धूर दिसतो. प्रयागबाईच्या मते वाफ्यातली माती आजारी होती, तिच्यात कुजका रोग मुरला होता, तेव्हा माती भाजायला पाहिजे होती. तिचं म्हणणं चूक नव्हतंच. फक्त जागा चुकली. जिथे आत जाताना प्रत्येकाच्या खिशातली काडेपेटी गेटवर काढून घेतात, त्या रसायनांच्या कारखान्यापासून दोनशे पावलांवर तिने सकाळी सात वाजता पाचोळ्याचा ढीग पेटवला.

भोंगा झाला. पहिल्या पाळीचे लोक गेटबाहेर धावत सुटले. बंब आला. मी मानसीला घेऊन अनवाणी रस्त्यावर. सुरक्षा रक्षक कुंपणावरून ओरडत होता, "ए बाय, येड लागलं काय गो तुला? टाक्या हायत तिकडं!"

"टाक्या तिकडं, माझा राब इकडं," प्रयागबाई काठीने पाला सारखा करत म्हणाली. "वारा बघून लावलाय. तू भोंगा बंद कर आधी, म्हशी बुजतील."

"म्हशी कुठं हायत इथं?"

"मंग मानसं बुजली नं!"

हे तिचं उत्तर पुढे वर्षभर कॅन्टीनमध्ये चाललं. मॅनेजर साहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी तिला त्याच दिवशी काढलं असतं. सुधीर मध्ये पडला. मोठ्या बाईंच्या फुलांसाठीच केलं सर, अडाणी बाई आहे. तेव्हा साहेब म्हणाले, ठीक आहे. पुढच्या वर्धापनदिनाला फूल दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. बाग मी पुण्याच्या नर्सरीला देतो, ते महिन्यातून दोनदा माणसं पाठवतील.

सुधीरने हे मला सांगितलं आणि मी प्रयागबाईला. तिने बोटं मोजली. वर्धापनदिन फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. ललिताची दहावीची परीक्षा त्यानंतर पंधरा दिवसांनी.

राबाने काम केलं. भाजलेल्या मातीत तिने पाच कंदांचे फाटे सोडवून नऊ लावले, पाठी उघड्या ठेवून. पावसाळ्यात प्रत्येकावर इरलं घातलं. बांबूच्या कामट्यांवर पानं विणलेलं, लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते. नऊ कंदांवर नऊ इरली. लांबून बघितलं तर गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर बायका वाकून भात लावताहेत असं वाटायचं. एकही कंद सडला नाही. भाद्रपदात तिने मला बोलावून दाखवले. टणक, गुबगुबीत, उन्हाने पाठ किंचित हिरवट झालेली.

"औंदा येणार दाढीवाला," ती म्हणाली. "मी ललिताला बोलले, तू नुसती वाच."

आणि मला ते सांगावं लागलं. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर लिहिलेलं होतं की ह्या जातीला फुलासाठी कडक गारठा लागतो. दीड-दोन महिने, रात्रीमागून रात्र. नाहीतर झाड जगतं, पसरतं, फुलत नाही. बिरवाडीत थंडी म्हणजे पहाटे चादर घ्यायची, एवढीच.

तिने विचारलं, "हे तुमाला कधीपासून ठावं?"

"गेल्या वर्षीच्या पावसापासून."

मी का बोलले नव्हते? कारण सुधीरने सगळ्यांसमोर ‘येईल’ म्हटलं होतं. क्वार्टर आमचंही कंपनीचं होतं. वाटलं, एखाद्या वर्षी थंडी जास्त पडेल. वाटलं, कंद मरतील आणि विषयच संपेल. हे सगळं मी तिला सांगितलं नाही. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली.

"म्हंजी वरीसभर मी रेड्याची धार काढीत होते," ती म्हणाली. त्यावर मला हसता आलं नाही, तीच थोडी हसली.

गेस्ट हाऊसचा फ्रिज माझ्या मनात आला होता, पण पानांना उजेड हवा. अंधारात दोन महिन्यांत सगळं गळलं असतं. मग तीच सावकाश म्हणाली, "आमच्या वाडीवर पौषात दव गवतावर कडक होतं. पाय ठेवला की कुरकुर वाजतं." आणि वाफ्यातलं तण उपटायला लागली. पुढचं का टाळलं ते मला माहीत होतं.

वाडीवर तिचे थोरले दीर भागोजी. त्यांच्या मुलीचं, आवडीचं, लग्न झालं तेव्हा त्यांनी त्या घराला शब्द दिला होता की धाकट्या मुलाला आमच्याच घरातली दुसरी मुलगी देऊ. दुसरी मुलगी म्हणजे ललिता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दत्ताराम जिवंत होता. तो हो म्हणाला का नाही, ह्यावर दोन मतं होती आणि दत्तारामला विचारायची सोय राहिली नव्हती. प्रयागबाई वाडीवर जायचं टाळायची ते ह्यामुळे. ललिताला तर तिने चार वर्षांत एकदाही वर नेलं नव्हतं.

कोजागिरीनंतर आम्ही दोघी गेलो. पाऊस उघडला होता, थंडीआधी मुळं धरायला महिनाभर मिळाला असता. तिने नऊ झाडं काढली, पानं वीतभर ठेवून पंख्यासारखी छाटली, कोरड्या गोणपाटात गुंडाळून पाटीत घातली. मी बरोबर गेले ती प्रायश्चित्त म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी चढावर तिला तीनदा थांबवलं आणि पाटी एकदाही डोक्यावर घेतली नाही.

भागोजी अंगणात दोर वळत बसले होते. मला त्यांनी घोंगडी अंथरून दिली, म्हशीच्या दुधाचा चहा दिला. प्रयागबाई खांबाआड उभी राहून बोलत होती, डोक्यावर पदर.

"दादा, एवढे कंद अंगणाच्या कडंला लावू द्या. माघापातूर. मी येऊन बघीन."

"कंदांसाठी वर आलीस," भागोजी म्हणाले. "भाऊ गेला तवापासून चार येळा आलीस गो तू. कंद बरं, मानसांपेक्षा कंदांची माया जास्त."

"खोलीचं काम हाय दादा."

"लाव की. जागा तुझ्या नवऱ्याची पण हाय, मी कोन नाय बोलनार. पन माझं बी एक काम हाय." दोर त्यांनी बाजूला ठेवला. "आवडी त्या घरात नांदते. सासू रोज इचारते, तुझ्या बापाचा शबूद कुठं अडकला? मी काय सांगू? तू ते ऐकाया येशील तिथं?"

"पोरीची धावी होऊंदे."

"धावी करून म्हस जास्त दूध देते काय?"

"होऊंदे दादा."

"बरं. मंग पाडव्याला. पोरीला घिऊन ये. पावनं येतील, सुपारी फोडू."

प्रयागबाईने मान हलवली. ती होकाराची होती का नुसती, ते मलाही कळलं नाही. मग तिने अंगणाच्या दक्षिणेकडच्या कडेला, दगडांच्या मध्ये, मातीचे नऊ उंचवटे केले आणि कंद बसवले. भागोजींनी न सांगता कळशीभर पाणी आणून दिलं. वाईट माणूस नव्हता तो. शब्द देऊन बसलेला होता.

उतरताना मी म्हटलं, "प्रयागबाई, ती पंधरा वर्षांची आहे."

"मी होय बोलले नाय, वयनी. मान हलवली."

"म्हणजे होयच ना?"

"ते त्यांनी ठरवायचं." तिने रिकामी पाटी दुसऱ्या काखेला घेतली. मग म्हणाली, "परीक्षा होईस्तवर मला दोन्हीकडं मान हलवायलाच पायजे."

इकडे रिकामा वाफा पाहून मॅनेजर साहेबांनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "थंडीत झोपतात साहेब, हळदीसारखे." त्यांना ते पटलं. ते पुण्याचे, आणि पुण्याच्या माणसाला झोपणारे कंद पटतात. सुधीरला खरं ठाऊक होतं. तो माझ्याकडे न बघता पेपर वाचायचा.

ती महिन्यातून एकदा सुट्टीला वर जायची. पौषात येऊन म्हणाली, पानांच्या टोकांना गारठ्याने डाग पडले आहेत. माघाच्या शेवटी गेली आणि वेळेआधी परत आली, दारातच ओरडली, "वयनी, पोटरीला आलाय!" नऊंपैकी तीन झाडांच्या पानांतून दांडे निघाले होते. दोन तिने मुळांसकट, मातीचा गोळा न मोडता तुपाच्या मोकळ्या डब्यांत बसवून आणले. एसटीत कंडक्टर म्हणाला, मावशी, ही कणसं कसली? ती म्हणाली, दाढीवाला हाय, तिकीट नको देऊ, माझ्या मांडीवर बसलाय. अख्खा घाट तिने ते दोन डबे मांडीवर धरून काढला. एक कळी दाराच्या कडेला लागून मोडली, ती तिने कमरेच्या पिशवीत जपून आणली होती, जोडता येईल अशा समजुतीने.

वर्धापनदिनाच्या आदल्या पहाटे तिने डब्यांचे तळ कापून ते वाफ्यात गाडले. रविवारी सकाळी पहिली कळी उलगडली.

मी आजवर फुलं पुष्कळ पाहिली, पण त्या फुलाचं मला भयच वाटलं. अडीच-तीन फूट उंच दांडा, आणि त्यावर ते एकटंच, रेशमासारखं, वाऱ्याबरोबर हलणारं. आजूबाजूला जास्वंद आणि कर्दळ. ते तिथलं नाही हे कुणालाही दिसलं असतं. मोठ्या बाई खुर्ची मागवून त्याच्याशेजारी तासभर बसल्या, पूजेला उशीर झाला तरी. त्यांनी प्रयागबाईला विचारलं, किती दिवस टिकतं? ती म्हणाली, "एक दोन दिस. पन मागं कळ्या हायत बाई, एक मिटली की दुसरी."

मॅनेजर साहेब खूश होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "प्रयागबाई, आता पुढच्या वर्षी चाळीस. हा सगळा गोल वाफा भरायचा. खोलीची काळजी सोड. फुलं येतील तोवर खोली तुझी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रयागबाईने हात जोडले. मी तिच्याकडे पाहत होते. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. नंतर म्हणाली, "चाळीस म्हंजी किती पाट्या, ते मोजीत होते." चाळीस झाडं म्हणजे भागोजींचं सगळं अंगण. दर वर्षी. आणि भागोजींच्या अंगणाची किंमत एकच होती.

परीक्षा सुरू झाली. शिमगा मध्येच आला आणि गेला. प्रयागबाई ललिताला रोज केंद्रापर्यंत सोडायची आणि पेपर सुटेपर्यंत कुंपणाबाहेर बसायची. मीही मानसीसाठी बसायचे. आम्ही दोघी तीन-तीन तास शेजारी बसायचो. एकदा तिने विचारलं, "भूगोलात आमची वाडी येते काय हो?" मी म्हटलं, सह्याद्री येतो. "मंग येईल तिला," ती म्हणाली.

शेवटचा पेपर भूगोलाचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेली. सुधीर तिथेच फायली घेऊन उभा होता. त्याच्याकडून मला हे कळलं.

"साहेब, दाढीवाला हितं येनार नाय," ती म्हणाली.

"आला की गेल्या महिन्यात!"

"वर वाडीवर आला. मी डब्यातून आनला. त्याला गारठा लागतो, तो हितं नाय."

साहेब म्हणाले, मग पुढच्या वर्षीही तसाच आण, मला काय, फूल दिसल्याशी मतलब. आता सुधीरच्या मते इथे तिने गप्प बसायला हवं होतं. इतकं सोपं होतं. साहेबांनी फसवणूकसुद्धा पोटात घातली होती.

"नाय आनता येनार साहेब. ती वाट मला नको हाय."

"का?"

"घरचं हाय."

साहेबांना राग आला तो ह्या शब्दांचा. सगळं सोपं करून देऊनही बाई नाही म्हणते, आणि कारण सांगत नाही. आठ दिवसांत खोली रिकामी कर म्हणाले. ती म्हणाली, "पाडव्याच्या आधी करते."

आणि पाडव्याला ती वर गेली. एकटी. मी नको म्हटलं होतं. निरोप पाठवा, कुणाच्या हाती चिठ्ठी द्या. ती म्हणाली, शबूद तोंडाने दिला नव्हता, पण मान माझीच हलली होती, तर नाय म्हनाया मान घिऊनच जाया पायजे. पाहुणे आलेले होते. आवडी माहेरी आली होती, सहावा महिना. भागोजींनी म्हणे एवढंच विचारलं, "आन् आवडीचं काय गो?" ह्यावर प्रयागबाईने पदर सावरला. ती तशीच वळली.

"आवडीनं मला पानी दिलं नाय, वयनी," तिने मला सांगितलं. "तांब्या भरलान, हातात घेतलान, आनि तसाच ठेवलान." बाकी सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी सांगितलं होतं.

ह्याला दोन वर्षं झाली. प्रयागबाई आता ललिताला घेऊन बिरवाडीत दोन बायकांबरोबर एका खोलीत राहते. ती आणि त्या दोघी एकाच कारखान्यात पॅकिंगला आहेत. कंत्राट सहा-सहा महिन्यांचं, मध्ये घरी बसवतात. खोलीला खिडकी आहे, पण ती पलीकडच्या भिंतीवर उघडते. ललिताला दहावीला एकसष्ट टक्के मिळाले, ती महाडच्या कॉलेजात गेली, आणि ह्या जूनमध्ये बारावीला त्रेसष्ट. तिला डी.एड. करायचं आहे. मानसीला तिच्यापेक्षा थोडे जास्त मिळाले आणि ती अजून काही ठरवत नाही, ह्यावरून आमच्या घरी रोज वाद होतात. आम्ही त्याच क्वार्टरमध्ये आहोत.

आवडीला तिच्या सासरच्यांनी बाळंतपणानंतर चार महिने नेलंच नाही. मग नेलं. कसं नेलं, काय बोलून नेलं, ते वाडीवरून खाली येत नाही. प्रयागबाई पोलादपूरच्या बाजारात कुणी वाडीचं भेटेल म्हणून जाते. भेटतात, रामराम करतात, आणि आवडीचं नाव काढलं की घाई असल्यासारखे निघतात.

परवा ती पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आली. आवडीला लिहायचं होतं. मी पेन घेतलं. ती सांगत गेली: काकू बरी आहे. पोराला जप. पाऊस बरा झाला. म्हशीला कासेचा रोग झाला असेल तर हळद आणि लोणी लाव.

"आणि ललिता पास झाली ते?" मी म्हटलं.

"ते नको."

"अहो, आनंदाची गोष्ट आहे. आवडीलाही बरं वाटेल."

"आवडीला वाचाया येत नाय, वयनी. त्या घरात सातवी झालेला एकच हाय, तिचा दीर, ज्याला ललिता द्यायची होती तो. पत्र तोच वाचून दाखवनार."

कार्डावर अजून चार ओळींची जागा होती. मी पेन धरून बसले. प्रयागबाई कार्डाच्या त्या कोऱ्या भागाकडे बघत होती.

"पत्ता घाला," ती म्हणाली. "तेवढंच जाऊंदे."